दुभाषी बदलला, सेवा मात्र जुनीच!

बँकेतून पैसे काढताच मोबाइलवर येणारा संदेश, वीजबिल भरल्याची पोच, आरक्षणाच्या प्रतीक्षायादीतील बदल, सकाळ-संध्याकाळच्या दूध संकलनाची नोंद... अशा प्रत्येक व्यवहारामागे कुठल्या तरी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम अहोरात्र जागा असतो. त्याला पडद्यावर खिडकी नसते, दाबायला बटण नसते. काम आले की करायचे आणि पुन्हा वाट पाहत बसायचे, एवढेच त्याचे जीवन. यांपैकी अनेक प्रोग्रॅम पर्ल, पायथन, पीएचपी, रुबी अशा भाषांत लिहिलेले असतात. या भाषा संगणकाला समजावून देणारा ‘इंटरप्रिटर’, म्हणजेच दुभाषी, अधूनमधून बदलावा लागतो. तो बदलला की त्याच्या आधारावर आधीपासून चालू असलेल्या सेवेचे काय होते, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. मात्र त्याच्या उत्तराकडे दुर्लक्ष झाले, तर सेवा नेमकी गरजेच्या वेळी दगा देऊ शकते.

पडद्यामागचे कामगार

युनिक्स परंपरेत अशा सेवेला ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये रूढ झाला. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स मॅक्सवेल याने एका विचारप्रयोगात रेणूंची निवड करत अथक राबणारा एक काल्पनिक ‘डीमन’ मांडला होता. त्यावरून हे नाव पडले. भुताखेतांशी त्याचा संबंध नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला अशा सेवांची ओळख तशी लवकर झाली. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकाने जोडण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा सहभाग होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने तेथे ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. गावातील संगणकाऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून एसएमएस पाठवायचा आणि आपल्या उसाची माहिती उत्तरादाखल मिळवायची, अशी ती कल्पना. ७ गावांत ८ महिने चाललेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये मांडले गेले. संगणकावरील जुनी सर्व कामे एसएमएसवर होऊ शकली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना नवी पद्धत अधिक पसंत पडली, असे त्यात दिसून आले. गावातला संगणक गेला, तरी मध्यवर्ती ठिकाणी संदेशाची वाट पाहणारी, तो वाचणारी आणि उत्तर धाडणारी सेवा मात्र जागी राहणे आवश्यक झाले. शेतकऱ्याला दिसतो तो फोन. काम करते ती पडद्यामागची सेवा.

दुभाषी म्हणजे काय?

संगणकाचा प्रोग्रॅम दोन प्रकारे चालवता येतो. पहिल्या प्रकारात माणसाने लिहिलेल्या सूचनांचे यंत्रभाषेत एकदाच भाषांतर करून ठेवतात. छापून तयार झालेल्या अनुवादित पुस्तकाप्रमाणे मग मूळ भाषेची गरज राहत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम मूळ रूपातच राहतो आणि प्रत्येक वेळी चालवताना एक दुभाषी सोबत बसतो. लॅरी वॉल यांची पर्ल (१९८७), गुइडो व्हॅन रॉसम यांची पायथन (१९९१) आणि रॅस्मस लेरडॉर्फ यांची पीएचपी (१९९५) या दुसऱ्या प्रकारातील प्रसिद्ध भाषा होत.

दुभाष्याची सोय मोठी आहे. प्रोग्रॅम लिहिणे सोपे होते, दुरुस्ती चटकन करता येते. परंतु त्याची किंमतही आहे. प्रोग्रॅम एकटा कधीच नसतो. त्याच्यासोबत दुभाषी असतो, दुभाष्यासोबत त्याचे शेकडो सहायक संच असतात आणि हे सर्व एकमेकांच्या आवृत्तीशी बांधलेले असते. डेबियन या लोकप्रिय कार्यकारी प्रणालीचे उदाहरण घेता येईल. तिच्या २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत पर्ल ५.३६ आणि पायथन ३.११ होते, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत पर्ल ५.४० आणि पायथन ३.१३ आले. सर्व्हर एका आवृत्तीवरून दुसरीवर नेताना हा सगळा परिवारच बदलतो.

हा बदल टाळता येत नाही. पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येक आवृत्तीला ५ वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. ३.९ या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. त्यानंतर त्यात सापडणारी त्रुटी मूळ निर्माते दुरुस्त करून देत नाहीत.

जुने स्मरणात, नवे डिस्कवर

लिनक्सवर चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल बदलली, तर तो लगेच कोसळत नाही. नवी फाइल जुनीच्या नावावर येते, मात्र जुनी फाइल ज्या प्रोग्रॅमने उघडून ठेवली आहे त्याच्यापुरती ती शिल्लक राहते. निर्देशिकेतून तिचे नाव पुसले गेले, तरी शेवटचा वापरकर्ता तिला सोडेपर्यंत तिची डिस्कवरील जागाही मोकळी होत नाही. या व्यवस्थेमुळेच सर्व्हर बंद न करता त्यावरील सॉफ्टवेअर बदलता येते. चालू सेवा जुन्या दुभाष्याला स्मरणात घेऊन काम करीत राहते. नव्याने सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम नव्या दुभाष्यावर चालतो.

याचा परिणाम असा, की अपग्रेडनंतर काही काळ एकाच सर्व्हरवर दोन जगे नांदतात. ठरलेल्या वेळी चालणारी कामे, उदाहरणार्थ मध्यरात्रीची हिशेबजुळणी, दररोज नव्याने सुरू होतात. त्यामुळे ती ताबडतोब नव्या आवृत्तीवर जातात. अहोरात्र चालणारी सेवा मात्र तीन महिन्यांपूर्वी सुरू झाली असेल, तर तीन महिन्यांपूर्वीच्याच दुभाष्यावर असते. व्यवस्थापकाने आवृत्ती विचारली, तर संगणक नवा आकडा सांगतो. सेवा सुरू आहे का असे विचारले, तर ‘सुरू आहे’ हेच उत्तर येते. दोन्ही उत्तरे खरी असतात. त्या दोहोंवरून काढलेला ‘सेवा नव्या आवृत्तीवर आहे’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा असतो.

ऐनवेळी न सापडणारे पान

खरी अडचण यापुढची आहे. दुभाषी आपले सर्व सहायक संच आरंभीच उचलत नाही. अनेक संच तो गरज पडेल तेव्हाच डिस्कवरून वाचतो. त्यामुळे वेळ आणि स्मरणशक्ती वाचते. परंतु अपग्रेडनंतर तो जुन्या पत्त्यावर हात घालतो, तेव्हा तिथे तो संच नसतो किंवा त्याच नावाचा नव्या आवृत्तीचा संच असतो. डेबियनमध्ये पर्लचे यंत्रभाषेतील जोडसंच आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये असतात. अपग्रेड होताच ते ‘५.३६’मधून जातात आणि ‘५.४०’मध्ये येतात, जुना दुभाषी मात्र ‘५.३६’मध्येच शोधत राहतो. पायथनबाबत जुन्या दुभाष्याचे फोल्डर काही काळ राहू शकते. पण अतिरिक्त संच नव्या आवृत्तीसाठी तयार होऊन आलेले असतात आणि पुढे साफसफाईच्या आज्ञेत जुने फोल्डरही नाहीसे होते.

याचा अर्थ कोल्हापूरच्या संदर्भात पाहता येईल. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी हा शहराच्या रोजच्या बोलण्याचा विषय असतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. समजा, एखाद्या संस्थेने पायथनमध्ये एक छोटी सेवा लिहिली. ती दर काही मिनिटांनी पातळीचा आकडा घेते, नोंदवते आणि ३९ फूट ओलांडताच सभासदांना मराठीत एसएमएस पाठवते. मे महिन्यात सर्व्हरचे अपग्रेड झाले, सेवा पुन्हा सुरू केली गेली नाही आणि जुने फोल्डर साफ झाले.

जूनमध्ये सेवा आकडे नोंदवत राहील. त्यासाठी लागणारे सर्व काही तिच्या स्मरणात आहे. मात्र मराठी एसएमएसची गोष्ट वेगळी असते. इंग्रजी संदेश ७ बिटांच्या सांकेतिक पद्धतीने जातो आणि त्यात १६० अक्षरे मावतात. देवनागरी संदेश १६ बिटांच्या पद्धतीने जातो आणि त्यात ७० मावतात. या १६ बिटांच्या रूपांतराचा संच पायथन पहिल्यांदा गरज लागेल तेव्हाच डिस्कवरून उचलतो. पातळी ३९ फुटांवर जाईपर्यंत मराठी संदेश गेलेलाच नाही. म्हणून त्या संचाची गरज पहिल्यांदा पडते ती नेमकी इशाऱ्याच्या क्षणी, आणि त्या क्षणी तो सापडत नाही. संदेश जात नाही, नोंदवहीत चुकीची एक ओळ उमटते आणि ती रात्री कोणी वाचत नाही.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यामागील यंत्रणा खरी आहे. पर्लच्या जुन्या आवृत्त्यांतही युनिकोड अक्षरांच्या वर्गीकरणाची कोष्टके अशीच गरजेपुरती वाचली जात. म्हणजे इंग्रजी मजकुरावर दिवसेंदिवस सुरळीत चालणारी सेवा पहिला देवनागरी मजकूर येताच अडखळू शकत असे. यातून एक सर्वसाधारण सूत्र निघते. प्रोग्रॅमचा जो भाग क्वचित चालतो, त्याचेच संच स्मरणात नसण्याची शक्यता अधिक असते. आणि क्वचित चालणारा भाग बहुधा संकटकाळासाठीच लिहिलेला असतो.

दुरुस्ती झाली, पण लागू झाली का?

दुसरा प्रश्न सुरक्षेचा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी उघडकीस आली. इंटरनेटवरील गुप्त संवादासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या संचातील ती त्रुटी होती. तिच्यामुळे सर्व्हरच्या स्मरणातील मजकूर बाहेरच्या माणसाला वाचता येत असे. दुरुस्त संच लगेच उपलब्ध झाला आणि जगभर तो बसवलाही गेला. परंतु जी सेवा पुन्हा सुरू केली गेली नाही, ती जुना सदोष संचच स्मरणात धरून चालत राहिली. कागदोपत्री दुरुस्त, प्रत्यक्षात उघडी, अशी तिची अवस्था होती.

दुभाष्याच्या बाबतीत हेच घडते. पायथन किंवा पीएचपीमधील सुरक्षात्रुटी दुरुस्त करणारी नवी आवृत्ती बसवली, म्हणजे काम संपले असे नव्हे. ज्या क्षणी सेवा थांबून पुन्हा सुरू होते, त्या क्षणी दुरुस्ती लागू होते. त्याआधी ती केवळ डिस्कवर असते.

पुन्हा सुरू कोणी करायचे?

ही जबाबदारी नेमकी कोणाची, यावर डेबियनने पर्लसाठी नियमावलीतच उत्तर दिले आहे. पर्ल ५.१२ च्या काळापासून मोठ्या अपग्रेडच्या वेळी पर्लचा संच ‘पर्ल-मेजर-अपग्रेड’ या नावाचा एक इशारा प्रसृत करतो. ज्या संचात दीर्घकाळ चालणारी सेवा आहे आणि पुन्हा सुरू केल्याखेरीज जी बंद पडेल, त्याने या इशाऱ्यात आपला रस नोंदवायचा. इशारा मिळताच त्याने आपली सेवा पुन्हा सुरू करावी किंवा निदान वापरकर्त्याला तसे कळवावे, अशी सूचना आहे. दुभाषी बदलणाऱ्याला कोणकोण त्याच्यावर अवलंबून आहे याची यादी ठेवावी लागत नाही. अवलंबून असणाराच आपले नाव देऊन ठेवतो.

ही व्यवस्था डेबियनच्या भांडारातून आलेल्या संचांपुरती उपयोगी पडते. संस्थेने स्वतः लिहून घेतलेल्या सेवेचे नाव अशा कोणत्याही यादीत नसते. तिच्यासाठी तपासणीची साधने आहेत. डेबियनमध्ये ‘चेकरीस्टार्ट’, रेड हॅट परिवारात ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ आणि अनेक प्रणालींवर ‘नीडरीस्टार्ट’ हे प्रोग्रॅम कोणत्या सेवा अजून जुन्यावर आहेत हे दाखवतात. पुसल्या गेलेल्या, पण अजून वापरात असलेल्या फायली शोधणे हा त्यांचा मुख्य मार्ग. दुभाषी भाषांत तो पुरत नाही, कारण दुभाषी प्रोग्रॅमची फाइल वाचतो आणि लगेच मिटून टाकतो; मागे खूण राहत नाही. म्हणून नीडरीस्टार्ट पर्ल, पायथन, रुबी अशा भाषांतील सेवांबाबत मूळ फायली सेवा सुरू झाल्यानंतर बदलल्या आहेत का, हे वेळेवरून पडताळते.

या साधनालाही एक धडा मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा संस्थेने नीडरीस्टार्टमधील ५ त्रुटी जाहीर केल्या. दुभाषी भाषांची तपासणी एप्रिल २०१४ मधील ०.८ या आवृत्तीत आली होती आणि त्रुटीही तेव्हापासूनच्या होत्या. सर्व्हरवर साधे खाते असलेली व्यक्ती त्यांचा गैरफायदा घेऊन सर्वाधिकार मिळवू शकत होती. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत हे साधन २१.०४ पासून आपोआप बसलेले असे. ३.८ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. पहारेकऱ्यालाही अद्ययावत ठेवावे लागते, हेच त्यातून दिसले.

सेवा उठलीच नाही तर?

सेवा पुन्हा सुरू करणे एवढेच जर उत्तर असते, तर कोणी टाळाटाळ केली नसती. भीती वेगळीच असते. थांबवलेली सेवा नव्या दुभाष्यावर पुन्हा उठेल याची खात्री नसते आणि ती भीती निराधार नाही.

पायथनच्या ३.७ या आवृत्तीत (जून २०१८) ‘असिंक’ हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला. पार्श्वभूमीवरील कामे चालवणारा ‘सेलरी’ हा प्रसिद्ध संच त्याच नावाची फाइल वापरत होता. परिणामी तो नव्या आवृत्तीवर चालेना. २०१९ मधील ४.३ आवृत्तीत नाव बदलून अडचण सुटली. ऑक्टोबर २०२३ मधील पायथन ३.१२ मधून ‘असिंकोर’ आणि ‘एसएमटीपीडी’ हे जुने संच काढून टाकण्यात आले. जाळ्यावरून येणाऱ्या विनंत्या वा ई-मेल स्वीकारणाऱ्या सेवा लिहिण्यासाठीच ते होते. मे २०१७ मधील पर्ल ५.२६ ने चालू फोल्डरमधून आपोआप संच उचलण्याची जुनी सवय सुरक्षेच्या कारणाने सोडली.

याखेरीज पायथनमध्ये सेवेसाठी संचांचे जे स्वतंत्र ‘आभासी परिसर’ बनवले जातात, ते विशिष्ट आवृत्तीला बांधलेले असतात. ३.११ वर बनवलेला परिसर ३.१३ आल्यावर रिकामा असल्यासारखा वागतो आणि तो नव्याने उभारावा लागतो. चालू सेवेला याची झळ लागत नाही. पहिल्या रीस्टार्टला लागते. तो रीस्टार्ट कोणी ठरवून केला नाही, तर वीज गेल्यावर किंवा यंत्र बिघडल्यावर होतो. तेव्हा अपग्रेड करणाऱ्याला त्याचा विसर पडलेला असतो आणि दोष विजेला दिला जातो.

न थांबता बदल

सेवा क्षणभरही थांबू नये अशी अपेक्षा असेल, तर त्यासाठी उपाय आहेत. सर्वांत साधा उपाय सभ्यपणे थांबण्याचा. थांबण्याची सूचना मिळताच सेवेने नवे काम घेणे बंद करावे, हातातले पूर्ण करावे आणि मग थांबावे. लिनक्सवर सेवांचा कारभार पाहणारा सिस्टीमडी यासाठी साधारणतः ९० सेकंद वाट पाहतो आणि नंतर सेवा सक्तीने बंद करतो. ज्या सेवेचे एक काम १० मिनिटे चालते, तिच्यासाठी ही मुदत वाढवून ठेवली पाहिजे. अन्यथा काम अर्धवट तुटते.

दुसरा उपाय दोन प्रतींचा. एकच सेवा दोन ठिकाणी चालवायची, आधी एकीचा दुभाषी बदलून ती पडताळायची आणि मग दुसरीकडे वळायचे. मात्र या काळात जुनी आणि नवी शेजारी काम करत असल्याने एकीने लिहिलेली नोंद दुसरीला वाचता आली पाहिजे. दुभाष्याच्या खास सांकेतिक रूपाऐवजी सर्वमान्य मजकूररूपात नोंदी ठेवणे म्हणूनच हिताचे.

येथे एक सापळा आहे. अनेक सेवांत एक मुख्य प्रोसेस असते आणि ती आपल्यासारख्या कामगार प्रोसेस जन्माला घालते. पायथनच्या ‘जीयुनिकॉर्न’मध्ये ‘रीलोड’चा संदेश दिला, की जुने कामगार जातात आणि नवे येतात. पण नवे कामगार जन्मतात ते जुन्याच मुख्य प्रोसेसच्या पोटी. दुभाषी जुनाच राहतो. त्यासाठी मुख्य प्रोसेसच नव्याने सुरू झाली पाहिजे. एनजिनएक्स या वेबसर्व्हरप्रमाणे जीयुनिकॉर्नमध्येही अशी सोय आहे. नवी मुख्य प्रोसेस जुनीच्या शेजारी उभी राहते, तिच्याकडून जोडणी स्वीकारते आणि मग जुनी निवृत्त होते.

टेलिफोन यंत्रणांसाठी एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात घडलेल्या एर्लांग भाषेने याहून पुढचे पाऊल टाकले. प्रोग्रॅमच्या एकाच भागाची जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या ती एकाच वेळी स्मरणात ठेवू शकते. त्यामुळे चालू असतानाच प्रोग्रॅम बदलतो. २०१३ नंतर लोकप्रिय झालेल्या डॉकर पद्धतीने प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे सेवा आपला दुभाषी आणि संच एका बंद पेटीत सोबत घेऊन फिरते. पेटीतला दुभाषी जागच्या जागी बदलायचा नाही. नव्या दुभाष्याची नवी पेटी आणायची आणि जुनी काढून टाकायची. अर्थात, यजमान सर्व्हर अद्ययावत केला म्हणून पेटीतला दुभाषी अद्ययावत होत नाही, याचे भान ठेवावे लागते.

व्यवहारातील क्रम

लहान संस्थेलाही पाळता येईल असा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. सर्व्हरवर कोणत्या सेवा अखंड चालतात, कोणत्या भाषेत आहेत आणि कोणी लिहिल्या, याची यादी ठेवावी. संस्थेने करवून घेतलेल्या सेवा तीत आवर्जून असाव्यात.

२. नवा दुभाषी आधी वेगळ्या यंत्रावर बसवून प्रत्येक सेवा त्यावर सुरू करून पाहावी. केवळ ती उठली यावर समाधान मानू नये. क्वचित चालणारा भाग मुद्दाम चालवावा. मराठी संदेश पाठवणाऱ्या सेवेची चाचणी मराठी संदेशानेच करावी.

३. अपग्रेड आणि सेवा पुन्हा सुरू करणे ही एकाच बैठकीतील कामे मानावीत. त्यांत रात्र जाऊ देऊ नये. जुन्या आवृत्तीची साफसफाई सर्व सेवा नव्यावर आल्यानंतरच करावी.

४. परतीची वाट ठेवावी. जुना दुभाषी आणि जुना परिसर काही दिवस जपून ठेवल्यास चूक लक्षात येताच मागे जाता येते.

५. शेवटी सर्व्हर एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा. सर्व सेवा माणसाच्या मदतीविना उठतात का, हे कर्मचारी हजर असताना कळलेले बरे.

वेळेची निवड हाही या कामाचाच भाग आहे. दूध संस्थेसाठी दोन संकलनांमधील दुपार, बँकेसाठी सुटीची पहाट, पूरइशाऱ्यासाठी पावसाळ्यापूर्वीचा मे महिना. कोल्हापूरच्या साखर कारखान्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. गळीत हंगाम संपला की यंत्रांची ओव्हरहॉलिंग होते, बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी प्रत्येक भाग तपासला जातो. मोळी पडू लागल्यावर रोलर बदलायला कोणी धजत नाही. संगणकावरील सेवेला असा बिगरहंगाम निसर्गतः मिळत नाही, तो नेमून द्यावा लागतो. तारीख ठरवून केलेला दोन मिनिटांचा खंड सभासदांना आधी कळवता येतो. न ठरवता आलेला खंड मात्र त्यांना संदेश न मिळाल्यावरच कळतो.